भादव्याच्या शेवटापासून कोजागिरीपर्यंत: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की दरवर्षी त्याच त्या प्रश्नांची रांग लागते. कुणी फोनवर विचारतं, कुणी चिठ्ठी धाडतं, कुणी लग्नाच्या मांडवात हात धरून थांबवतं. पाऊस परत फिरतो, रानात काढणी सुरू होते, घट बसतात, आणि माणसं आभाळाकडं, जमिनीकडं आणि पंचांगाकडं जरा जास्तच लक्ष देऊन बघू लागतात. तेच प्रश्न इथं एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असेल तिथं तसा क्रमांक दिला आहे.

१. शरद ऋतू नेमका कधी असतो? आपल्याकडं तर थंडीऐवजी ऊनच वाढतं.

पंचांगाप्रमाणं आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने. भाद्रपद अजून वर्षा ऋतूत मोडतो. इंग्रजी तारखांनी बघायचं तर साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. शरद म्हणजे थंडी नव्हे, हे आपल्या जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. आयुर्वेदात हा पित्ताचा काळ सांगितला आहे, आणि पित्त उन्हानंच खवळतं. मराठवाड्यात या ऋतूच्या खुणा म्हणजे गोदाकाठी कासाचे पांढरे तुरे, ओढ्याचं गाळ बसून निवळलेलं पाणी, बालाघाटच्या डोंगरावर पिवळं पडू लागलेलं गवत आणि पहाटे बांधावरून चालताना दवानं ओली होणारी पावलं. ऊन का वाढतं ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. २२ किंवा २३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र अगदी सारखे असतात ना?

पुस्तकात तसं छापलेलं असतं, पण घड्याळ लावून पाहिलं तर त्या दिवशी आपल्याकडं दिवस रात्रीपेक्षा मोठाच भरतो. उजेडाचा वेळ बारा तासांपेक्षा सहा-सात मिनिटं जास्त असतो. याला दोन कारणं आहेत. सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो आणि वरचीच कड बुडाली की सूर्यास्त, त्यामुळं दोन्ही टोकांना थोडा थोडा वेळ वाढतो. शिवाय हवेतून येताना प्रकाश वाकतो, म्हणून सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली असतानाही आपल्याला दिसतो. या दिवसांत आपल्याकडं दिवस रोज साधारण एका मिनिटानं लहान होतो. म्हणजे दिवस-रात्र खरोखर सारखे व्हायला सप्टेंबरची २९-३० तारीख उजाडते.

तारीख २२ की २३, हा घोळ लीप वर्षामुळं होतो. २०२३ मध्ये ती २३ होती, २०२४ मध्ये २२.

या दिवसाचा एक खरा उपयोग आहे. विषुवदिनी सूर्य अगदी पूर्वेला उगवतो आणि अगदी पश्चिमेला मावळतो. तुमचं दार खरंच पूर्वमुखी आहे की बांधणाऱ्यानं अंदाजानं ठोकून दिलंय, हे त्या सकाळी उंबऱ्यात उभं राहिलं की कळतं. क्षितिज मोकळं हवं एवढंच.

३. संध्याकाळ एकदम लवकर व्हायला लागते, पण सकाळ काही तेवढी उशिरा होत नाही. हा भास आहे का?

भास नाही, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. परभणीचंच बघा. १ सप्टेंबरला सूर्य साधारण ६ वाजून ८ मिनिटांनी उगवतो आणि ६ वाजून ३८ मिनिटांनी मावळतो. १ नोव्हेंबरला उगवतो ६.२३ च्या सुमारास आणि मावळतो ५.५० ला. दोन महिन्यांत सकाळ जेमतेम पंधरा मिनिटं मागं सरकली, संध्याकाळ मात्र पाऊण तासाहून जास्त अलीकडं आली.

पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट पूर्ण गोल नाही आणि तिचा आसही कललेला आहे. त्यामुळं सूर्य रोज ठरल्या वेळी डोक्यावर येत नाही. कधी घड्याळाच्या पुढं असतो, कधी मागं. सप्टेंबरच्या सुरुवातीला घड्याळ आणि सूर्य जवळपास जुळलेले असतात. तिथून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य सुमारे सोळा मिनिटं पुढं निघून जातो, म्हणजे दुपारचा मध्यच तेवढा अलीकडं सरकतो. दिवस दोन्ही बाजूंनी लहान होतच असतो. मध्य अलीकडं आल्यामुळं सकाळचं नुकसान निम्मं भरून निघतं आणि संध्याकाळचं दीडपट होतं. शाळेतून लेकरं घरी येईपर्यंत अंधार पडतो तो यामुळं. रानातून बैलगाडी परत आणणाऱ्यानं या दिवसांत सकाळी लवकर निघण्यापेक्षा संध्याकाळी लवकर परतायची सवय लावावी.

४. पावसाळा संपता संपता एवढं उकडतं का?

ढग हटतात, सूर्य अजून बऱ्यापैकी उंचावर असतो आणि जमीन ओली असते. दिवसभर त्या ओलीची वाफ होत राहते, म्हणून ऊन कोरडं न राहता अंगाला चिकटतं. भरीला मोसमी वारा थांबलेला आणि उत्तरेकडचा वारा अजून सुरू न झालेला, त्यामुळं दुपारी पानही हलत नाही. पारा पस्तिशीच्या आसपास असला तरी जीव मे महिन्यासारखा घाबरा होतो.

आभाळ मोकळं असल्यामुळं रात्री जमिनीची उष्णता भराभर वर निघून जाते, म्हणून पहाटे पांघरूण ओढावं लागतं. दिवसा उकाडा आणि पहाटे गारवा यात लहान लेकरं हमखास सर्दी-तापानं पडतात. रात्री पंखा पूर्ण वेगात ठेवून झोपू नये, एवढं तरी पाळावं.

५. परतीचा पाऊस नेहमीच्या पावसापेक्षा वेगळा का वाटतो?

कारण तो वेगळा असतोच. जून-जुलैचा पाऊस मोसमी वाऱ्याबरोबर मोठ्या पट्ट्यात येतो, रिमझिम दिवसदिवस चालते. मोसमी वारे राजस्थानच्या पश्चिम भागातून साधारण १७ सप्टेंबरपासून माघार घेऊ लागतात आणि मराठवाड्यातून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. या काळात दुपारपर्यंत कडक ऊन पडतं, तापलेल्या ओल्या जमिनीवरची हवा वर चढते, तीन-चारच्या सुमारास डोंगराएवढे ढग उभे राहतात आणि संध्याकाळी विजांसह कोसळतात. एका शिवारात गुडघाभर पाणी आणि शेजारच्या गावात धूळ, हे याच पावसात बघायला मिळतं.

या पावसावर मराठवाड्याचं अर्धं वर्ष अवलंबून असतं. आपल्याकडची काळी कसदार जमीन ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी बरीचशी त्याच साठलेल्या ओलीवर येते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिची पेरणी. मग हरभरा. म्हणून या पावसाची वाटही बघितली जाते आणि भीतीही वाटते. सोयाबीन कापून पडलेलं असेल तर दोन तासांची सर चार महिन्यांची मेहनत मातीत घालते. वेचणीला आलेल्या कापसाचंही तसंच, बोंडातली सरकी झाडावरच मोड धरते. एकाच घरात एकाला पाऊस हवा असतो आणि दुसऱ्याला नको, आणि दोघांचंही म्हणणं खरं असतं.

६. पंचांगात नक्षत्राचं वाहन हत्ती, बेडूक, गाढव असं दिलेलं असतं. त्यावरून पाऊस कळतो का?

वाहन कसं ठरतं ते बघितलं की उत्तर आपोआप मिळतं. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो. उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास लागतं, हस्त २७ च्या आसपास, चित्रा १० ऑक्टोबरच्या पुढं-मागं, स्वाती २४ ऑक्टोबरला. सूर्य नक्षत्र बदलतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते बघायचं, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आलेल्या आकड्याला नवानं भागायचं. उरलेल्या बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांपैकी वाहन ठरतं. यात वारा, ढग, समुद्राचं तापमान कुठंच येत नाही. त्यामुळं अंदाज म्हणून त्यावर पेरणी ठरवू नये.

नक्षत्रांचं वेळापत्रक मात्र फार उपयोगी आहे, कारण ते सूर्यावर चालतं आणि दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येतं. तिथीसारखं सरकत नाही (प्रश्न १९ पाहा). "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" हे पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण आहे. ऑक्टोबरच्या शेवटी एखादी सर मिळाली तर पेरलेली ज्वारी तग धरते, हे कुणीही शेतकरी सांगेल.

७. रानात असताना विजा कडकडायला लागल्या तर काय करायचं?

वीज चमकली की मनात सेकंद मोजा. गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले तर वीज एक किलोमीटरवर, नऊ गेले तर तीन किलोमीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्याचा हा हिशोब. पण मोजदाद करत उभं राहू नका. गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते.

लिंबाखाली किंवा बाभळीखाली थांबणं ही सगळ्यात घातक सवय. आपल्याकडं दरवर्षी माणसं आणि जनावरं याच कारणानं जातात. पत्र्याची उघडी खोपीही सुरक्षित नाही. पक्कं घर किंवा चारी बाजूंनी बंद गाडी असेल तर तिथं जा. दोन्ही नसेल तर झाडं, विजेचे खांब, विहिरीवरची मोटार आणि तारेचं कुंपण यांपासून दूर, सखल जागी, पाय जवळ घेऊन उकिडवे बसा. आडवे पडू नका. बायामाणसं सोयाबीन काढायला घोळक्यानं असतील तर एकमेकींपासून अंतर ठेवा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मगच उठा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप आहे, ते आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. घरात एकाच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या.

विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसतो, असं अजून अनेकांना वाटतं. तसं होत नाही. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास बंद असेल तर ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा.

८. आमच्याकडं थेंब नाही आणि गोदावरीला पूर, असं कसं?

गोदावरी उगवते त्र्यंबकेश्वरला. नाशिक-नगरच्या घाटमाथ्यावर आणि धरणांच्या वर पाऊस झाला की ते पाणी पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात येतं. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. धरण भरत आलं आणि वरून आवक चालू राहिली की ते उचलावे लागतात, मग खाली गेवराईपासून नांदेडपर्यंत नदीकाठ सावध होतो. पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन.

या ऋतूत जायकवाडीची आणखी एक तारीख सगळ्यांनी लक्षात ठेवावी: १५ ऑक्टोबर. त्या दिवशी उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर समन्यायी वाटपाच्या सूत्राप्रमाणं वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. तुटीच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पाण्यावरून जो वाद पेटतो त्याचं मूळ इथं आहे. खालच्या भागातल्या माणसानं हे सूत्र नीट समजून घेतलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

९. सोयाबीन काढणीला आलं, पुरतं वाळलं, हे यंत्राशिवाय कसं ओळखायचं?

पानं गळून शेंगा पिवळट-तपकिरी झाल्या आणि झाड हलवलं की शेंगेत दाणा खुळखुळला, की कापणीला घ्या. आणखी थांबलात तर उन्हानं शेंगा तडकून दाणे रानातच पडतात. मळणीनंतर मूठभर दाणे हातात घ्या. ओलं सोयाबीन मुठीत जड आणि गार लागतं, बोटांतून सळसळत नाही. एक दाणा दाढेखाली धरा. चेपला तर अजून दोन-तीन ऊन द्या, कट्‌कन दोन तुकडे झाले तर पोत्यात भरा. अडत्याही आधी हेच करतो, यंत्र नंतर लावतो. हमीभावाच्या खरेदीला साधारण १२ टक्के ओलावा धरतात.

पुढच्या वर्षीचं बियाणं ठेवायचं असेल तर मळणी यंत्राचा वेग मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आत हवा. सोयाबीनचं साल फार नाजूक असतं. वरून धडका दिसणारा दाणा आतून दुखावलेला असतो आणि जूनमध्ये दगा देतो. पोत्यांची थप्पीही उंच लावू नये.

१०. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, मग आपण १७ सप्टेंबरला पुन्हा झेंडा का लावतो?

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थान भारतात सामील झालं नव्हतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोकांचा लढा चालू होता, गावोगाव रझाकारांचा जाच होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरकडून आली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. १७ तारखेला निजामानं युद्धबंदी जाहीर केली. लष्करी शरणागती १८ ला झाली, म्हणून काही ठिकाणी ती तारीख वाचायला मिळते. मुक्तिसंग्राम दिन मात्र १७ चाच. देशाच्या स्वातंत्र्यानंतर आपल्याला तेरा महिने वाट बघावी लागली.

मराठवाडा महाराष्ट्रात लगेच आला नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. तेव्हा जिल्हे पाच होते. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाले, तेव्हा आठ झाले. घरात नव्वदी ओलांडलेलं कुणी असेल तर यंदा त्या दिवशी त्यांच्याजवळ बसून त्या काळातलं काय आठवतं ते विचारा आणि लिहून ठेवा. ही आठवण सांगणारी माणसं आता थोडी राहिली आहेत.

११. किल्लारीचा भाग भूकंपाच्या दृष्टीनं सुरक्षित समजला जायचा. मग एवढी हानी का झाली?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. भूकंप ६.२ तीव्रतेचा होता, जगाच्या हिशोबात फार मोठा नाही. तरी लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली.

तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, म्हणून घरं त्या विचारानं बांधलेलीच नव्हती. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, दगड एकमेकांत न गुंतलेले, वर लाकडाच्या आढ्यावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर नवी माती पडत गेली आणि छताचं वजन वाढत गेलं. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर त्या पहाटे माणसांवर बसलं. नंतर नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या पट्ट्यात घेतला गेला. आजही जुन्या माळवदाच्या घरात राहत असाल तर वरची जास्तीची माती उतरवून घ्या आणि भिंतींना आडवे पट्टे बांधून घ्या.

१२. पितृपक्षात कावळा शिवत नाही, म्हणजे पितर नाराज का?

कावळा चतुर आणि संशयी पक्षी आहे. अनोळखी जागा, भोवती माणसांचा घोळका, ताटावर उडणारा प्लास्टिकचा कागद, एवढं त्याला न शिवायला पुरतं. त्यातून या पंधरवड्यात गावभर पानं वाढलेली असतात, त्याचं पोट भरलेलं असतं. आपल्याकडं मानेपाशी राखाडी असलेला घरकावळा आणि पूर्ण काळा, जाड चोचीचा डोमकावळा असे दोन असतात. गावात मोठी झाडं उरली नाहीत तिथं दोन्ही कमी झाले आहेत. पान वाढून चार पावलं मागं सरा. आणि मागच्या माणसांची आठवण म्हणून एखादा पिंपळ किंवा चिंच लावा.

१३. घटातले अंकुर पिवळे येतात, शेतातलं पीक मात्र हिरवं. असं का?

पानातलं हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो. घट देवघरात, कोपऱ्यात, नंदादीपाच्या मंद उजेडात असतो. अंकूर उजेडाच्या शोधात सगळी ताकद उंच होण्यात घालवतो, म्हणून तो लांब, नाजूक आणि पिवळा येतो. दसऱ्याला तोच घट उन्हात ठेवला तर एक-दोन दिवसांत हिरवा होऊ लागतो. लेकरांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे. अंकूर काळे पडले किंवा बुरशी आली तर तो अपशकुन नाही, पाणी जास्त झालं आहे. पत्रावळीवरच्या काळ्या मातीला रोज शिंपडण्याएवढंच पाणी पुरतं.

घटातल्या उगवणीवरून बियाणं जोखायची जुनी पद्धत चांगली आहे, पण ती मिसळलेल्या धान्याची असते. नेमकं हवं असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सोयाबीनचे सत्तर उगवले तर बियाणं पेरायला चालतं.

१४. नवरात्राआधी तुळजाभवानी झोपलेली असते म्हणतात, ते काय आहे?

तुळजापूरची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते. वर्षात तीनदा देवी पलंगावर निद्रा घेते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावस्येपर्यंत घोरनिद्रा असते आणि घटस्थापनेच्या पहाटे मूर्ती पुन्हा सिंहासनावर येते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. तिसरी मोहनिद्रा, पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी. सीमोल्लंघनाची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते आणि पलंग घोडेगावहून. हा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

घटस्थापनेला गावोगावची पोरं तुळजापुरातून ज्योत पेटवून पळत गावी आणतात. रात्री या रस्त्यांवरून गाडी चालवताना वेग कमी ठेवा, ही कळकळीची विनंती आहे. जाता जाता एक: अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा मुख्य उत्सव आश्विनात नसून मार्गशीर्षात असतो.

१५. बाजारात मिळतो तो खरा आपटाच असतो का?

बऱ्याचदा नसतो. कांचनाच्या फांद्या आपटा म्हणून विकल्या जातात, कारण दोघांची पानं जोडपानांसारखी दिसतात. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि मागून करडं असतं. कांचनाचं पान मोठं, मऊ आणि लांबट. एकमेकांना द्यायला एक पान पुरतं. फांद्या ओरबाडून रस्त्यावर टाकण्यात कसलंही सोनं नाही. आपटा माळरानावर सावकाश वाढणारं झाड आहे आणि आपल्या डोंगरांवर त्याची नवी रोपं आता कमीच दिसतात.

१६. पाऊस उघडला की हजारो चतुर घिरट्या घालतात. ते कुठून येतात आणि जातात कुठं?

संध्याकाळी सोयाबीनच्या रानावर डोक्याएवढ्या उंचीवर पिवळसर चतुर घोंगावतात ना, त्यांत बहुतेक पँटाला फ्लावेसेन्स या जातीचे असतात. जवळून बघा: अंग जेमतेम दोन इंचांचं, डोळे तांबूस, आणि मागचे पंख बुडाशी रुंद. त्या रुंद पंखांमुळं तो न फडफडता वाऱ्यावर तरंगत राहू शकतो. याची अंडी पावसाळ्यात साचलेल्या डबक्यांत असतात आणि डबकं आटायच्या आत काही आठवड्यांत पिल्लू उडून जातं.

पुढचा प्रवास ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही. ऑक्टोबरात हेच चतुर लाखोंनी मालदीवमध्ये उतरतात, आणि तिथं तर गोड्या पाण्याचे ओढे-नालेही नाहीत. तिथं राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ मध्ये मांडलं, की ते भारतातून निघून हिंदी महासागर ओलांडत पूर्व आफ्रिकेकडं जातात आणि पुढच्या पिढ्या मोसमी वाऱ्याबरोबर परत येतात. लेकरं शेपटीला दोरा बांधून त्याला उडवतात, तेव्हा त्यांना ही गोष्ट सांगा. दोरा आपोआप सुटतो.

१७. जायकवाडीवर रोहित पक्षी बघायला आताच जावं का?

थोडं थांबा. सप्टेंबरात धोबी पक्षी येऊ लागतो. शेपटी वर-खाली हलवत अंगणात फिरणारा तो पहिला पाहुणा. रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेला रानहंस) येतात ते थंडी पडल्यावर, पाणी ओसरून उथळ काठ उघडे पडले की. डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम. हे पक्षी अभयारण्य १९८६ पासून आहे.

१८. सीताफळ कधी तोडावं? आणि बी गिळली तर धोका असतो का?

फळाचे डोळे फुगले, त्यांच्यामधल्या खाचा उघडून पांढरट-पिवळसर दिसू लागल्या की तोडा. डोळे बंद असतानाच तोडलेलं फळ मऊ पडतं पण गोड होत नाही, आणि बाजारात बहुतेक वेळा तेच येतं. धारूर आणि बालाघाटच्या खडकाळ उतारांवर हे झाड कुणी पाणी न देता वाढतं. तिथला गर दाट आणि जास्त गोड असतो, अशी माझी ठाम खात्री आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. नाव सीतेचं असलं तरी झाड मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं.

बी चुकून अख्खी गिळली तर घाबरू नका, टणक सालीमुळं ती तशीच बाहेर पडते. चावू मात्र नये. उवा मारायला बियांची पूड डोक्याला लावतात, तो खरा धोका आहे. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. लेकरांच्या डोक्याला तर मुळीच लावू नका.

१९. दसरा कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, कधी शेवटी. एवढा फरक का?

चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ चं. म्हणून सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडं येतात आणि तफावत महिन्याएवढी झाली की अधिक मास धरून ती भरून काढतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२४ मध्ये १२ ऑक्टोबर, २०२५ मध्ये २ ऑक्टोबर. २०२० मध्ये तर आश्विनच अधिक होता. सर्वपित्री अमावस्या १७ सप्टेंबरला झाली आणि घट बसले १७ ऑक्टोबरला. त्या वर्षी "पितर गेले तरी देवी का बसेना" हा प्रश्न घरोघरी होता, त्याचं उत्तर हे. शेतीची कामं मात्र तिथीवर न ठेवता नक्षत्रावर ठेवावीत (प्रश्न ६).

२०. कोजागिरीच्या चांदण्यात दूध ठेवल्यानं ते औषधी होतं का?

चांदणं म्हणजे सूर्याचाच परावर्तित प्रकाश, तोही उन्हाच्या सुमारे चार लाखावा भाग. त्यानं दुधात काही बदलत नाही. केशर, वेलदोडे, जायफळ यांचा जो काही गुण तो त्यांचा स्वतःचा. या दिवसांत रात्रीही दुपारचा उकाडा पुरता गेलेला नसतो, म्हणून दूध तासन्‌तास उघडं ठेवू नये. आटवून, झाकून, चंद्र दाखवायच्या वेळी पुन्हा उकळून प्यावं. दम्यावरचं औषध म्हणून या रात्री कुणी काही देत असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यासाठी थांबवू नका.

२१. कॅलेंडरवर कोजागिरी एका दिवशी आणि आश्विन पौर्णिमा दुसऱ्या दिवशी. खरी कोणती?

दोन्ही खऱ्या. बाकीच्या बहुतेक कामांसाठी सूर्योदयाला असलेली तिथी धरतात. कोजागिरी हा रात्रीचा, जागरणाचा सण आहे, म्हणून ज्या दिवशी मध्यरात्री पौर्णिमा असते ती रात्र कोजागिरीची. पौर्णिमा आज दुपारी लागून उद्या संध्याकाळी संपत असेल तर दूध आज रात्री आणि पौर्णिमेचा उपवास, कुळाचार उद्या. २०२४ मध्ये कोजागिरी १६ ऑक्टोबरला होती आणि पौर्णिमा १७ ला. तुळजापूरला चालत निघणाऱ्यांनी मात्र नुसतं कॅलेंडर बघून निघू नये. श्रमनिद्रा संपून देवी सिंहासनावर कधी येणार (प्रश्न १४), ते मंदिराच्या पत्रिकेत दिलेलं असतं. तो दिवस धरूनच सोलापूरकडून किंवा लातूरकडून पाऊल उचलावं.